पहिल्या गाडीतला बाजीराव

कर्नल पाटणकरांनी युद्धाचे सल्ले देणारं यंत्र आणलं, त्याचं नाव बाजीराव ठेवलं आणि हार घालून एसीच्या खोलीत बसवलं. पहिलाच सल्ला आला: 'भरदिवसा खिंडीवर चढाई करा. वीस जवान कामी येतील, पण चालेल.'

"काढा बघू यात चूक!" कर्नल गरजले.

ते वीस जण सुभेदार शेलारांच्या तुकडीतले. शेलारांनी घसा खाकरला. "चूक नाही, साहेब. पण बाजीराव लढाईत स्वतः पुढे असायचे. तेव्हा हे यंत्रही पहिल्या गाडीत असणार, एवढं त्याला कळवा."

कर्नलांनी हसतहसत टाइप केलं.

पडद्यावर लगेच उमटलं: 'चढाई रद्द. तहाची बोलणी करा.'

शेलारांनी कडक सॅल्यूट ठोकला. "नाव बाजीरावाचं आहे, साहेब, पण अक्कल अगदी हेडक्वार्टरची!"