अर्धी करंगळी

"मग? कसं दिसतंय, बाबा?"

जमालबाबांनी काळा चष्मा काढला. तालुक्याच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढून ते आत्ताच टेकडी चढून आले होते. दर्ग्याचा हा म्हातारा फकीर गेली कित्येक वर्षं भिंती चाचपतच वावरायचा.

समोरच्या भिंतीवर निळ्या वेली होत्या. डाळिंबाची फुलं होती. दिव्यांच्या काजळीखाली दबून गेलेली ती नक्षी उत्तराने औषधात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यांनी तसूतसूने वर काढली होती. जुन्या इमारती पूर्ववत करायचं शिक्षण घेतल्यावरचं हे तिचं पहिलंच काम. उद्या पुरातत्त्व खात्याचे साहेबलोक ते बघायला येणार होते.

"खरा दर्गा आत्ता दिसला, बाबा! इतकी वर्षं तुम्ही नुसती काजळीच सांभाळलीत."

"हं… सुंदर आहे. कुणी काढलं असेल गं?"

"नाव नाही सापडलं."

बाबा पीराच्या मजारीच्या उशाशी गेले. तिथल्या कोपऱ्यात सवयीने खाली बसले आणि त्यांनी भिंतीवर हात ठेवला.

हात थांबला. थोडा वर गेला. डावीकडे सरकला. पुन्हा खाली आला.

उत्तरा जवळ आली.

"काय शोधताय?"

"हा कोपरा मी येईपर्यंत राहू दे म्हणालो होतो, बेटी."

"हो, पण… मला वाटलं, तुमचे डोळे उघडतील तेव्हा सगळंच झालेलं असावं. म्हणून तर रात्रंदिवस खपले." तिचा आवाज बारीक झाला. "आणि तिथे नुसते तेलाचे डाग होते, बाबा."

"डाग नव्हते. हात होते."

बाबा अजून भिंतच चाचपत होते. "पटकीच्या साथीत बाया इथे यायच्या. हिंदूंच्या, आमच्या, सगळ्यांच्या. दिव्यातल्या तेलात पंजा बुडवून पोराच्या जिवासाठी भिंतीला लावायच्या. माझ्या आईनेही लावला. मी वाचलो. त्याच आठवड्यात ती गेली. गाडीतून नेऊन सगळ्यांना एकाच खड्ड्यात पुरलं म्हणतात. कुठे, ते सांगणारं कुणी उरलं नाही."

"एवढ्या हातांत… तिचा ओळखायचात कसा?"

"करंगळी अर्धी. विळ्याने गेलेली. लहानपणी मी माझा पंजा तिच्या पंज्यावर ठेवायचो. आत मावायचा. पुढे माझाच हात तिच्याहून मोठा झाला."

बाबा थोडंसं हसले.

"डॉक्टर चेष्टा करत होता. म्हणे, या वयात नवे डोळे घेऊन कुठे निघालात बाबा? म्हटलं, आई बघायची राहिलीय."

उत्तराने धडपडत मोबाईल काढला. हातातून सुटता सुटता वाचला.

"फोटो आहे! आधीचा फोटो आम्ही काढतोच. हा… हा बघा! करंगळीसुद्धा दिसतेय!"

बाबा वाकले. त्यांनी सवयीने फोटोवर बोट टेकवलं. बोट लागताच फोटो सरकला आणि पुढचा आला. निळ्या वेलींचा.

त्यांनी हात मागे घेतला.

"मी पुन्हा काढते, बाबा. फोटोवरून माप घेते. तेल, काजळी, सगळं तसंच करते. हुबेहूब. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला?"

उत्तराला रडू फुटलं. "मग काय करू मी? तुम्ही सांगाल ते करते."

बाबा भिंतीला धरून उठले. मजारीपाशी तेवणाऱ्या दिव्याजवळ गेले. तेलात अख्खा पंजा बुडवला. उत्तरा दचकून "अहो, नको!" म्हणेपर्यंत त्यांनी तो कोपऱ्यातल्या सगळ्यात देखण्या डाळिंबाच्या फुलावर टेकवला. चांगला दाबून. बराच वेळ.

हात निघाला तेव्हा पाकळ्यांवरून तेल ओघळत होतं. म्हाताऱ्या हाताचा ठसा. करंगळी पुरी.

उत्तराचा हात आपसूक कापसाच्या बोळ्याकडे गेला… आणि तिथेच थबकला.

बाबांनीच बोळा उचलला. बाटलीतल्या औषधात भिजवला. तिची मूठ उघडून अलगद आत ठेवला.

"हा हात कुणाचा, ते तुला ठाऊक आहे. आता पूस."