वाईट बातमीला शाल

समुद्रकाठच्या एका बंदरात एकदा एका व्यापारी पेढीने घाटापलीकडच्या मुलखात माल नेण्याचा संकल्प केला. पेढीवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाचे प्रमुख एक वृद्ध, विवेकी गृहस्थ होते. सारे त्यांना तात्या म्हणत. आपला शिष्य नीलकंठ याला त्यांनी नुकतेच मंडळात घेतले होते. घाटरस्ता बांधून मालाच्या गाड्या पलीकडे पोहोचवण्याचे काम विसाजीपंत कारभाऱ्यांकडे होते.

दर बैठकीत मंडळी विचारीत, "गाड्या कधी निघणार?" विसाजीपंत म्हणत, "ठरल्या दिवशी." तेवढ्याने सर्वांचे समाधान होई.

गाड्या निघण्याच्या आदल्या दिवशीही त्यांनी सर्व सिद्धता झाल्याचे सांगितले. पण बोलताना ते कोणाकडेही पाहत नव्हते, हे नीलकंठाच्या ध्यानात आले. तात्यांनीही ते हेरले असावे.

"विसाजीपंत," ते शांतपणे म्हणाले, "उद्या पहिल्या गाडीत तुमच्या मुलाला बसवाल?"

विसाजीपंतांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "नाही बसवणार. मोठ्या वळणावर दरीकडचा बांध खचलाय. रिकामी गाडी जाते. भरलेली जाईल, याची खात्री मला देता येत नाही."

सारे गाडीवान उद्या त्याच वळणावरून जाणार होते. नीलकंठ संतापाने उठला. "आणि हे तुम्ही लपवलंत? तात्या, यांना आत्ताच दूर करा. बांधाचं काम मी हाती घेतो."

तात्यांनी गाड्या थांबवण्याची आज्ञा दिली. मग स्वतःच्या अंगावरची शाल काढून त्यांनी ती विसाजीपंतांच्या खांद्यावर घातली. "बांध पक्का व्हायला काय लागेल, ते सांगा." विसाजीपंतांनी आणखी गवंडी मागितले आणि दिवाळीपर्यंतची मुदत. दोन्ही मिळाले.

सभा उठल्यावर नीलकंठाला राहवेना. "अपराध्याचा सत्कार कसा केलात, तात्या?"

"त्याची चूक मी त्याला एकांतात सांगणारच आहे," तात्या म्हणाले. "पण इतके महिने आपण काय विचारलं? कधी निघणार. त्याने दिवस सांगितला. कुठे अडतंय, हे आपल्यापैकी एकानेही विचारलं नाही. आज खरं बोलल्याबद्दल त्याला घालवलं असतं, तर पुढच्या कारभाऱ्याने गाडी दरीत जाईपर्यंत तोंड उघडलं नसतं. आणि तूच बांध बांधायला गेलास, तर त्या कामाची विचारपूस कोण करणार? मार्ग आपण ठरवला, त्यावरून कारभाऱ्याने आणि गाडीवानांनी चालायचं आहे. तो मार्ग अजून धड आहे ना, हे पाहत राहणं आपलं काम."

पुढे नीलकंठ तात्यांबरोबर घाटात गेला. वळणावरून त्याने दरीत डोकावून पाहिले. गवंड्यांना दोन सूचना कराव्यात, असे ओठांवर आलेले त्याने आवरले. विसाजीपंतांना त्याने विचारले, "कुठे अडतंय?"

"चुना वेळेवर येत नाही."

"त्याची व्यवस्था करतो," नीलकंठ म्हणाला, आणि त्याने ती केली.

दिवाळीनंतर भरलेल्या गाड्या निघाल्या. त्या परतेपर्यंत नीलकंठाला धड झोप नव्हती. अखेर विसाजीपंत बैठकीत आले आणि म्हणाले, "सारे सुखरूप आले. मात्र शेवटच्या चढावर बैल फार थकतात. पुढच्या खेपेला तिथे बैल बदलावे लागतील."

कोणाच्याही कपाळाला आठी पडली नाही. नीलकंठाच्या मनावरचे ओझे उतरले. विसाजीपंतांना बसायला जागा करून देत तो म्हणाला, "सांगा, काय काय लागेल?"

जिथे अडचण निर्धास्तपणे सांगता येते, तिथे आपल्या संकल्पाचे काय चालले आहे, ते वेळेत कळते.