आज्ञा मागणारी सनई

एका राज्यात राजा होता रणधवल. त्याच्या दरबारात सनई वाजवी सटवाजी, आणि ती सनई होती एका मांत्रिकाने मंतरलेली. सूर निघाला की परक्या वकिलाची मान आपोआप डोले. राजा म्हणे, "होकार मिळाला!" आणि वकिलाच्या धन्याचा किल्ला घेई. लढाई नाही, रक्त नाही. राजाची ऐट मात्र दरबारात मावेना.

पण मंतरलेली वस्तू फुकट थोडीच चालते? पहिला किल्ला आला, तशी राज्यातल्या रहाटांची कुरकुर गेली. दुसरा आला, देवळांच्या घंटा मुक्या झाल्या. तिसऱ्याबरोबर तान्ह्या मुलांच्या रडण्याचा आवाज गेला. सटवाजीच्या घरी नुकताच पाळणा हलला होता. लेक तोंड वासून रडे, पण ऐकू काहीच येईना. बायको गोदाई डोळ्याला डोळा लावीना.

"मी झोपले आणि पोर उपाशी राहिली तर?" ती म्हणे.

नगारखान्यावरची साळुंकी एके सकाळी बोलली, "सटवाजी, ऐकणाऱ्यांची आज्ञा घेतल्याशिवाय सनई ओठाला लावू नये, ही तुम्हा वादकांची रीत. दरबारात पाळलीस?"

"महाराजांनी मना केलं. म्हणाले, वकिलांना काय विचारायचं!"

"म्हणूनच आवाज गेले. आता तिन्ही किल्ल्यांवर जा. आज्ञा माग. मिळेल ते उत्तर पाळ."

राजा शिकारीला गेलेला पाहून सटवाजी निघाला. पहिल्या किल्ल्यावरचा म्हातारा किल्लेदार म्हणाला, "वाजवा." सटवाजीने वाजवली आणि तिकडे रहाट कुरकुरले. दुसऱ्यावरची किल्लेदारीण म्हणाली, "वाजवा, पण आमच्या पेरणीची चाल." त्याने तीच वाजवली आणि घंटा घणघणल्या.

तिसऱ्या किल्ल्यावर राणी मेघाबाई म्हणाली, "नको."

हातातली सनई थरथरली, कुजबुजली, "फुंक मार, मान डोलेल!" खरंच डोलली असती. सटवाजीला लेक आठवली. पण तो मुजरा करून म्हणाला, "जशी आज्ञा," आणि सनई फडक्यात गुंडाळू लागला. तोच ती तडकली आणि तिची दोन शकलं झाली.

परतताना वाटेत त्याला किल्ल्यांच्या दरवाजांच्या चाव्या भेटल्या. राजाच्या तिजोरीतून निघून त्या आपापल्या घरी चालल्या होत्या. राजा चार दिवस धुसफुसला, मग वकिलांना विचारून मैफली करू लागला.

सटवाजी घरी पोचला, तेव्हा लेकीने सगळी आळी डोक्यावर घेतली होती. गोदाई पाळण्याशी नुसती बसून होती.

"अगं, रडतेय ती! घे ना!"

"घेते," गोदाई डोळे पुसत म्हणाली, "जरा ऐकू द्या."