अकरावं बोट

"दोष माझ्या बापाचा आहे. सरळ सांगतो."

"काय केलं त्यानं?" बालेखान बाबांनी विचारलं.

"तुलना. उठता बसता. चुलतभाऊ हृषीकेश बघ, त्याचे मार्क बघ, त्याची उंची बघ. ताटावर बसलो की पहिला घास हृषीकेशच्या नावाचा."

"आणि तू?"

"कॉलेज सोडलं. दोन वर्षं जिममध्ये वजनं मारतोय."

बाबा टेकडीवरच्या दर्ग्यात दगडाची राखण करायचे. उजव्या हाताला कायम हिरवं फडकं गुंडाळलेलं.

दगड काळा, गोल. अकरा जणांनी खाली एकेक बोट लावायचं, एका दमात पीरसाहेबांचं नाव घ्यायचं, की तो छातीपर्यंत वर येतो म्हणे. मला तो एकट्यानं उचलायचा होता. मोबाइल भिंतीला टेकवून रेकॉर्डिंग चालू केलं. बापाला पाठवणार होतो. एकदा तरी त्याचं तोंड बंद व्हावं.

"उचल," बाबा म्हणाले.

अडवलं नाही. म्हातारे एरवी कशालाही अडवतात.

मी दगडाला मिठी मारली. जोर लावला. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी नाकातून रक्त आलं.

"पैलवान, दगड जागेवरच आहे. तूच सरकलास!" पायरीवरून चहावाला ओरडला.

सगळे हसले. बाबा सोडून.

"या रे, नऊ जण या," त्यांनी हाक दिली.

चहावाला आला. दर्शनाला आलेले सात जण आले. शेवटी दम्यानं धापा टाकणारे एक आजोबा आले.

"दहावा तू. अकरावा मी."

बाबांनी फडकं सोडलं. त्या हाताला एकच बोट होतं.

मी बघत राहिलो.

"लाव बोट."

"एका बोटानं काय होणार?"

"लाव."

अकरा जणांनी एकच श्वास घेतला. एकच हाक गेली.

दगड उठला.

गुडघा. कंबर. छाती... माझ्या बोटावर ओझंच नव्हतं. समोरचे आजोबा धापा टाकायचे थांबले होते. डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होते, जणू मीच उचललाय. मला वाटत होतं, त्यांनीच उचललाय.

तेवढा वेळ मला बाप आठवला नाही. हृषीकेशही नाही.

दम संपला. दगड खाली आला.

मी मोबाइलकडे धावलो. व्हिडिओत नुसत्या पाठी. माझं बोट कुठंच दिसत नव्हतं.

"बाबा, यात माझा वाटा किती?"

"बापाला सांगायचाय?"

"हो. नेमका सांगा."

"मीसुद्धा विचारलं होतं. तुझ्याच वयात. आमच्या थोरल्या भावाला ऐकवायचं होतं."

"कोणाला विचारलंत?"

"दगडालाच. तो वर असताना बोट काढून बघितलं. खाली यायला लागला, तसा एकटाच धरायला गेलो."

"मग?"

बाबांनी हिरवं फडकं पुन्हा हाताला गुंडाळलं. सावकाश.

"चार बोटं गेली."