म्हाळूचे टार्ट आणि बंगल्यातली भुतं

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात म्हाळू नावाचा एक भोळा भट्टीवाला राहायचा. भोळा म्हणजे किती? 'जरा थांब' म्हटलं की तो असेल तिथे थांबायचा. 'आता चल' म्हणायला माणूस विसरला, तर जेवणवेळेपर्यंत तिथेच उभा. एकदा तर तो असाच ओढ्यात उभा सापडला.

भट्टी लीलाक्कांची. अक्का खारी, टोस्ट, नानकटाई करायच्या आणि म्हाळू भट्टी सांभाळायचा. भट्टीचं त्याला सगळं कळायचं. माणसांचं बोलणं कळायचं नाही, म्हणजे जरा जास्तच कळायचं.

पण गावात कारखान्याचा पाव येऊ लागला, आणि अक्कांची भट्टी कधी पेटायची, कधी नाही. आता ती कायमची विझवावी, असं अक्कांनी मनाशी ठरवलंही होतं. म्हाळूला तेवढं सांगितलं नव्हतं. 'विझव' म्हटलं असतं तर त्यानं तिथल्या तिथे बादली ओतली असती.

अशात डोंगरावरच्या बंगल्यातल्या दमयंतीबाई गुप्ते गाडीतून उतरल्या.

"लीलाबाई, माझी नातवंडं परदेशातून आली आहेत. शनिवारी आमच्याकडे हॅलोविन आहे. मला चॉकलेटचे टार्ट हवेत. पण नाजूक हं, देखणे! वर पांढरं जाळं आणि जाळ्यात एक छोटंसं भूत." त्यांनी फोनवर चित्र दाखवलं. "आजूबाजूच्या सगळ्या बंगल्यांतली माणसं येणार आहेत. त्यांना आवडलं तर नाताळाचं सगळं काम तुमच्याकडे."

गाडी गेल्यावर म्हाळूनं विचारलं, "अक्का, हॅलोविन म्हंजे काय?"

"भुतांचा सण."

"सर्वपित्रीसारखा?"

"तसाच. फक्त त्यांच्यात कावळ्याला वाढत नाहीत, आपणच खातात."

"आन् टार्ट?"

"नानकटाईच्या पिठाची वाटी. तिच्यात चॉकलेट."

म्हाळूला पटलं. आपल्याकडे भुतांना हाकलतात, वर बंगल्यात त्यांना बोलावून गोड खायला घालतात. बंगल्यातली माणसं मोठ्या मनाची असतात, एवढं त्याला ठाऊक होतं.

सगळं जुळून आलं आणि आदल्याच दिवशी अक्का न्हाणीत घसरल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. अक्का खुर्चीत बसून म्हणाल्या, "म्हाळू, आता तुलाच करायचंय. मी सांगते तसं कर. अगदी मी सांगते तस्संच."

तिथेच चुकलं.

"आधी पीठ मळ. हलक्या हातानं."

म्हाळू गेला आणि बराच वेळ आलाच नाही. अक्का उठून बघतात तर तो तराजूच्या एका पारड्यात उजवा हात ठेवून बसलेला.

"हे काय?"

"उजवा जड भरला, अक्का. आता डावा बघतो."

"अरे, हलक्या हातानं म्हणजे जोर न लावता! नाजूक काम आहे. जोर लावायचा नाही, हळूच कुरवाळायचं."

"असं होय!" म्हाळू म्हणाला. त्यानं पीठ कुरवाळलं. पीठ सुरेख झालं. अक्कांना हायसं वाटलं.

"आता चॉकलेट फोड."

चॉकलेटची लादी होती फरशीएवढी. म्हाळूनं ती मांडीवर घेतली आणि कुरवाळायला लागला. कुरवाळून कुरवाळून त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत तपकिरी झाले. लादी काही फुटली नाही.

"अक्का, ही ऐकत नाही."

"अरे येड्या, फोडायचं म्हणजे दणका द्यायचा! हातोडा घे आणि हाण. तुकडे तुकडे झाले पाहिजेत."

"असं होय!" म्हाळूनं हातोडा घेतला आणि हाणला. चॉकलेटचे झकास तुकडे झाले.

"शाब्बास. आता अंडी फोड. पांढऱ्याचा साखर घालून फेस करायचा, त्याची भुतं करू."

म्हाळूच्या हातात हातोडा होताच.

भिंतीवरून, छतावरून आणि अक्कांच्या प्लास्टरवरून अंडी पुसून झाल्यावर पाटलांच्या खुराड्यातून नवी अंडी आली. ती अक्कांनी डाव्या हातानं स्वतः फोडली. म्हाळूला त्या काही बोलल्या नाहीत. बोललं की शिकवण होते, आणि शिकवण झाली की तो ती वापरतो, हे आता त्यांच्या लक्षात यायला लागलं होतं.

तरी दुपारपर्यंत कामाला सूर लागला. वाट्या खरपूस भाजल्या. चॉकलेट आरशासारखं चकचकीत बसलं. फेसाची भुतं भट्टीच्या मंद आचेवर वाळून पांढरीशुभ्र झाली, बोटाएवढी, डोळ्यांच्या जागी तीळ लावलेली. पहिल्या खेपेचे टार्ट ओळीनं मांडून झाले. दुसऱ्या खेपेच्या वाट्या भट्टीत गेल्या. अक्का खूश झाल्या आणि बेसावध राहिल्या.

"म्हाळू, आता टार्टच्या वर जाळं काढ."

म्हाळूनं टार्टच्या वर पाहिलं. तिथे छत होतं. छताला जाळं होतं, चांगलं जुनं, काजळीनं भरलेलं. एवढं स्वच्छतेचं काम आणि आपल्या लक्षात आलं नाही, याची त्याला लाज वाटली. त्यानं लांब दांड्याचा झाडू आणला आणि एका फटक्यात जाळं काढलं.

खाली टार्ट होते.

अक्का खुर्चीतून उठल्या, टार्टांकडे बघितलं आणि पुन्हा बसल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्या ओरडल्या नाहीत. एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "म्हाळू, नीट ऐक. काढायचं म्हणजे झाडायचं नाही. काढायचं म्हणजे चितारायचं. रांगोळी काढतात की नाही? तसं. मी काढ म्हटलं की चित्र काढायचं."

"असं होय!" म्हाळू म्हणाला. "आधी सांगायचं ना."

एक खराब टार्ट घेऊन त्यानं पांढऱ्या साखरेच्या पाकानं जाळं काढून दाखवलं. अक्का बघतच राहिल्या. केसासारख्या बारीक रेषा, मधोमध ठिपका, कडेला एक धागा लोंबता. कोळ्यालासुद्धा वाटलं असतं की आपणच केलंय. इतकी वर्षं हा आपल्या भट्टीत लाकडं सारत बसला होता आणि आपल्याला पत्ता नव्हता! अक्कांचा सगळा राग गेला.

तेवढ्यात भाजल्याचा वास आला.

"म्हाळू, पळ! ट्रे काढ!"

म्हाळू पळाला. कोळसा घेतला, भट्टीपुढे मांडी ठोकून बसला आणि भट्टीच्या दारावर ट्रे काढला. आधी चौकट, मग दोन्ही बाजूंच्या कड्या, मग एकेक वाटी. वास वाढत गेला. म्हाळूनं वरून धूरही काढला, कारण तो समोर दिसतच होता.

अक्का आल्या तेव्हा चित्र पुरं झालं होतं. ट्रे हुबेहूब होता. आतल्या वाट्यांचा मात्र कोळसा झाला होता.

"अरे, ट्रे काढ म्हणजे आतला बाहेर काढ!" अक्कांनी कपाळावर डावा हात मारून घेतला. "चित्र नाही, झाडू नाही. बाहेर काढ म्हणजे धरायचं आणि आतून बाहेर आणायचं. समजलं? धरायचं, बाहेर आणायचं!"

"असं होय!"

आता पीठ एका खेपेपुरतंच उरलं होतं. अक्कांनी म्हाळूला जवळ बसवलं आणि तोंडातून शब्द न काढता, बोटानं दाखवून दाखवून ती खेप करून घेतली. एकही चूक झाली नाही. शनिवारी सकाळी टार्ट तयार झाले. काळंभोर चॉकलेट, त्यावर चांदण्यासारखं जाळं, जाळ्यात अंग चोरून बसलेलं गोंडस भूत. दागिन्यांच्या दुकानात ठेवले असते तरी शोभले असते.

खोकी बांधून झाली. आता डोंगरावर न्यायची होती आणि बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"ऊन लागलं तर चॉकलेट वितळेल," अक्का म्हणाल्या. "सावली सोडू नकोस."

म्हाळू निघाला. वेशीपर्यंत झाडं होती, पुढे उघडा रस्ता. म्हाळू शेवटच्या झाडाखाली थांबला. तेवढ्यात कडब्यानं उंच भरलेली एक बैलगाडी आली. तिची सावली रस्ताभर पडली होती. म्हाळू सावलीत शिरला आणि गाडीबरोबर चालू लागला. गाडी निघाली होती बाजारच्या गावाला, बरोबर उलट्या दिशेला.

"कुठं निघालास?" गाडीवानानं विचारलं.

"बंगल्यावर."

"बंगला तिकडं राह्यला की!"

"तिकडं ऊन हाय," म्हाळू म्हणाला.

गाडीवानानं बैल हाकले. बाजारच्या गावात पोचेपर्यंत दिवस कलला, मग मावळला. ऊनच नाही म्हटल्यावर सगळीकडे सावलीच सावली झाली. म्हाळू निवांत मागे फिरला आणि डोंगर चढला. चॉकलेटचा एक थेंब वितळला नव्हता.

बंगल्यात दिवे लागले होते. दमयंतीबाई दारातच येरझाऱ्या घालत होत्या. अंगात काळा झगा, डोक्यावर टोकदार टोपी. त्यांनी खोकी खिडकीजवळच्या मेजावर ठेवायला लावली, झाकणं उघडली आणि एकदम टाळी वाजवली.

"अगं बाई! काय सुंदर भुतं झाली आहेत! मी बशा घेऊन येते. तोवर तू भुतं बाहेर काढ. हळूच, एकेक करून. एकही आत राहता कामा नये."

बाई आत गेल्या. म्हाळू वळला आणि त्यानं दिवाणखाना पाहिला. चादर पांघरलेलं एक भूत कोचावर सरबत पीत होतं. एक सांगाडा पंख्याखाली वारा घेत होता. कपाळातून रक्त वाहणारे एक मिशाळ गृहस्थ हसत उभे होते. छोटी भुतं तर पायांत धावत होती.

म्हाळू जरा घाबरला. पण काम म्हणजे काम.

"तुम्ही भूत का?" त्यानं चादरीला अदबीनं विचारलं.

"हूंऽऽऽ!" चादर म्हणाली.

म्हाळूनं तिला धरलं आणि बाहेर आणलं. मग सांगाड्याला.

"तुम्ही?"

"मी मेलोय दहा वर्षांपूर्वी!" सांगाडा खुशीत म्हणाला.

"मग चला."

पाहुण्यांना वाटलं, हा बाईंनीच ठेवलेला खेळ आहे. ते हसत हसत बाहेर गेले. नातवंडं म्हाळूच्या दोन्ही काखांत बसून किंचाळत गेली. कामाच्या बाईंनी गंमत म्हणून तोंडाला पावडर फासली होती, त्याही गेल्या. मागचं दार थंडीमुळे आतून बंदच होतं, ते एक बरं झालं.

दमयंतीबाई बशा घेऊन आल्या. दिवाणखाना रिकामा.

"पाहुणे कुठे गेले?"

"पाव्हणे नव्हतेच बाई, भुतं होती. मी एकेकाला इचारून घेतलं."

"अरे गाढवा! आज सगळ्यांनीच सोंगं घेतली आहेत. मी नाही का हडळ झाले!"

म्हाळूनं त्यांच्या टोकदार टोपीकडे पाहिलं. एवढी चांगली बाई. पण सांगितलं होतं तिनंच. "चला बाई," तो हळुवारपणे म्हणाला, त्यांच्या हातातल्या बशा खाली ठेवल्या, त्यांना त्यांच्याच घरातून बाहेर नेलं आणि परत येऊन दाराला आतून कडी घातली. भुतांचा काय भरवसा, परत येतील.

इकडे गावात कुणीतरी अक्कांना सांगितलं, की म्हाळू कडब्याच्या गाडीबरोबर बाजाराला गेला. अक्का दचकून उठल्या तो फळीवरचा पिठाचा डबा अंगावर पालथा झाला. झटकायलाही न थांबता त्यांनी वर जाणारी जीप पकडली. बंगल्यापुढे उतरल्या तेव्हा त्या डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या होत्या, केस मोकळे, हात गळ्यात, डोळे लाल.

"वा!" सांगाडा ओरडला. "हे सगळ्यात उत्तम सोंग!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अक्कांनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी बंद दार पाहिलं, कुडकुडणारे पाहुणे पाहिले आणि भट्टी विझली असं धरून पायरीवर बसल्या.

पण पाहुणे खिडकीला नाक लावून उभे होते. आत मेजावर, दिव्याच्या उजेडात, टार्ट झळकत होते. खाता येत नव्हते, त्यामुळे सगळ्यांनी ते नीट पाहिले. "हे जाळं हातानं काढलं आहे?" "ती भुतं बघा, लाजतायत!" "आमच्या नाताळाला हेच हवेत." "आमच्याही!" दमयंतीबाई रागावलेल्या होत्या, पण एवढी वाहवा होत असताना फार वेळ रागावता येत नाही. त्या अक्कांपाशी येऊन म्हणाल्या, "लीलाबाई, काम तुमचंच. पण आता आम्हाला आत घ्या."

अक्का धावत दारापाशी गेल्या. आनंदाच्या भरात आपण काय बोलतोय हे त्या विसरल्या.

"म्हाळू, मी अक्का! कडी काढ रे बाबा!"

आवाज अक्कांचाच होता. म्हाळूनं कडी धरली आणि सगळा जोर लावला. कडीची पितळी मूठ उपटून त्याच्या हातात आली. दांडा चौकटीत तसाच रुतून राहिला. ती मूठ घेऊन म्हाळूनं खिडकी उघडली आणि बाहेर उडी मारली. मागे खिडकी वाऱ्यानं आपटली आणि तिचा खटका आतून पडला.

"घ्या अक्का," त्यानं मूठ त्यांच्या हातात ठेवली. "काढली. बाहेर आणली."

दार बंद, खिडकी बंद. आत फक्त तीच भुतं राहिली होती, जी बाहेर काढायला सांगितली होती. आपापल्या जाळ्यात बसून, तिळाच्या डोळ्यांनी ती काचेतून बाहेरच्या सगळ्यांकडे बघत होती.

"आता आत कोण आहे?" दमयंतीबाईंनी क्षीण आवाजात विचारलं.

"कुणी नाही, बाई," म्हाळू अभिमानानं म्हणाला. "एकबी भूत ऱ्हायलं नाही."