पूर्वजांची कमाई

किरळोली संस्थानात दरबारचा रिवाज कडक होता. गादीसमोर जायचं ते कमरेत वाकून, बोटं जमिनीला टेकवत. नव्या दवाखान्याच्या नोकरीसाठी आलेल्या डॉक्टर वेणूताई राजाध्यक्ष मात्र ताठ चालत गेल्या आणि त्यांनी हात जोडून नमस्कार केला.

दरबार चपापला. दिवाण आबासाहेब कडाडले, "बाई, मदाऱ्याचं माकडसुद्धा वाकून मुजरा करतं. एवढं शिकून तुम्हाला तेवढंही येत नाही?"

ही नोकरी हुकली, तर त्या मुलखातल्या बायकांना दुसरी डॉक्टर नव्हती. तरीही वेणूताई ठाम आवाजात म्हणाल्या,

"दिवाणसाहेब, माकडाला वाकणं सोपंच. त्याचा कणा कमानीसारखा पुढे झुकलेला असतो. माणसाचा कणा कमरेपाशी आत वळतो, म्हणून अंगाचा भार दोन पायांवर तोलला जातो आणि आपण ताठ चालतो. एवढं एक वळण पडायला आपल्या पूर्वजांना लाखो वर्षं लागली. त्यांची ही कमाई मी एका नोकरीसाठी कशी मोडू?"

गादीवर रेलून बसलेल्या महाराजांनी नकळत पाठ सरळ केली.

"पूर्वजांचा मान आम्हीही राखतो," ते म्हणाले. "दिवाणजी, बाईंना नेमणुकीचा हुकूम द्या. आणि आजपासून इथं कुणी वाकायचं नाही."

तीस वर्षं दाराशी वाकून उभा असलेला चोपदार हळूहळू ताठ झाला. तो दिवाणांपेक्षा चांगला वीतभर उंच निघाला.