मधल्या दोरीचा गोतावळा

खाडीतल्या दोऱ्यासुद्धा घडाघडा बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. भिकीकाकीने पाण्यावर बांबूचा तराफा बांधला होता. त्याला सोडलेल्या दोऱ्यांवर ती शिणाणे नावाचे शिंपले वाढवायची. दर महिन्याला ती दाटी झालेले शिंपले काढायची आणि मोकळ्या दोरीवर लावायची.

मधली दोरी मात्र तिला हात लावू देईना. "माझं एकही पिल्लू मिळणार नाही!" उलट पाण्यातून वाहत आलेल्या शिंपल्याच्या प्रत्येक पिल्लाला ती हाक मारायची, "या, बसा, जागा आहे!"

खाली चिखलात एक खेकडा राहायचा. तो रोज डोळे वर करून म्हणायचा, "वा दोरीबाई! एवढा गोतावळा कोणाचा नाही. अजून चार घ्या की!" दोरी खूश व्हायची. पण आतल्या शिंपल्यांना धड पाणी मिळेना. त्यांची पकड सुटली आणि घोसच्या घोस चिखलात पडू लागले. खेकडा ढेकर देऊन पुन्हा म्हणायचा, "अजून चार!"

काढणीच्या दिवशी ओहोटीला काकी आली. बाकीच्या दोऱ्या तिला एकटीला उचलवेनात. मधली मात्र सर्रकन वर आली, रिकामी. काकीने खाली पाहिलं, तर एक गलेलठ्ठ खेकडा बिळाच्या तोंडात अडकून पाय झाडत होता.

"असं होय!" म्हणत काकीने त्याला उपसून काढला आणि त्याच दोरीने त्याच्या नांग्या करकचून बांधल्या.

दोरी गोड आवाजात म्हणाली, "बसा मामा, जागा आहे."